बिट्स गोवा की सीओईपी? मुलीचं मन एकीकडे, हिशोब दुसरीकडे

सातारकरीण

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचतेच जास्त, पण सध्या आमच्या घरात दुसरा विषय नाही आणि नातेवाइकांना विचारावं तर जो तो आपल्याच मुलाचं सांगायला लागतो, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. जरा लांबेल.

मुलगी या वर्षी बारावी झाली. बिट्सॅटला (बिट्सच्या प्रवेश परीक्षेला) चांगले मार्क पडले आणि बिट्स गोव्याला इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन लागलंय. अकरावीपासून तिने हेच डोक्यात घेतलं होतं, आयआयटीचं एवढं नव्हतं तिला, पण बिट्स म्हणजे बिट्स. दुसरीकडे सीईटीला ९९ च्या वर पर्सेंटाईल आहेत आणि गेल्या वर्षीचे कटऑफ बघता पुण्यात सीओईपी या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) लागेल असं सगळे म्हणतायत. म्हणजे ब्रांच जवळपास तीच, फरक आहे तो पैशाचा.

बिट्सला फी, हॉस्टेल, मेस, लॅपटॉप, जाणंयेणं सगळं धरून चार वर्षांचा आमचा आकडा ३० लाखांच्या घरात जातोय. सीओईपीला हेच सगळं धरून ८ लाखांच्या आसपास. मिस्टर जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहेत, २००७ चे, म्हणजे जुनी पेन्शन नाही. मी पतसंस्थेत आहे. दोघांचं मिळून उत्पन्न ८ लाखांच्या वर जातं त्यामुळे कुठल्याच सवलतीत बसत नाही. घराचं कर्ज अजून सात वर्षं आहे, धाकटा आठवीत आहे. मुलांसाठी म्हणून ठेवलेली ८ लाखांची एफडी आहे, बाकी काही नाही. म्हणजे बिट्स करायचं तर २० लाखांचं तरी एज्युकेशन लोन.

मिस्टर म्हणतात पोरीने कष्ट केलेत, कर्ज काढू. मला रात्री झोप लागत नाहीये. बिट्सची फी भरायची मुदत आधी संपतेय, कॅपचा (सीईटीवरच्या सरकारी प्रवेशप्रक्रियेचा) पहिला राउंड नंतर आहे, त्यामुळे आधी तिकडे पैसे अडकवायचे का हाही प्रश्न. ज्यांनी यातून मुलं बाहेर काढली आहेत किंवा स्वतः या दोन्हीपैकी कुठे शिकलेत त्यांनी प्लीज मनापासून सांगा.

हिशोबनीस

ताई, आधी अभिनंदन मुलीचं. दोन्हीकडे लागणं ही छोटी गोष्ट नाही, या गडबडीत तिला कोणी पेढा भरवला की नाही कोण जाणे, भरवा आधी.

आता कर्जाचं. लोक ३० विरुद्ध ८ असा हिशोब करतात तो पूर्ण नाही, कारण ३० मधले २० उसने आहेत. मी बँकेत होतो म्हणून आकडे मांडून दाखवतो. समजा दर वर्षी ५ लाख असे चार वर्षांत २० लाख उचलले, व्याज १० टक्के धरा (बँकेप्रमाणे थोडं खालीवर). शिक्षणाची चार वर्षं आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नसतो पण व्याज चालू असतं, सरळव्याजाने ते त्या पाच वर्षांत ७ लाख होतं. म्हणजे हप्ता सुरू होईल तेव्हा कर्ज २७ लाख. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला साधारण ३५,७०० रुपये हप्ता. एकूण भराल ४२-४३ लाख.

शिकतानाच दरमहा व्याज भरत गेलात तर २० लाखांवरच हप्ता बसेल, साधारण २६,४००. पण मग चौथ्या वर्षी नुसतं व्याजच महिन्याला १६-१७ हजार जातं, आणि घराचा हप्ता आहेच. काही बँका शिकताना व्याज भरणाऱ्याला दरात १ टक्का सूट देतात तेही विचारा.

प्राप्तिकरातली ८०ई ची (शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची) वजावट फक्त जुन्या कररचनेत मिळते हे लक्षात ठेवा, नव्यात नाही. लोन देणारे एजंट हे सांगत नाहीत.

आणि मिस्टरांचं वय किती? रिटायरमेंट ५८ ला ना?

सातारकरीण

हो ५८. आत्ता ४९ आहेत.

हिशोबनीस

म्हणजे हप्ता सुरू होईल तेव्हा ५४ आणि संपेल तेव्हा ६४. मुलगी भरेल हे गृहीत धरायला हरकत नाही, बहुतेक मुलं भरतातच, पण कागदावर सहकर्जदार वडील असतात आणि जुनी पेन्शन नसलेल्या माणसाला ५८ नंतर हे ओझं नावावर असणं मला बरं वाटत नाही. तिला नोकरी सहा महिने उशिरा लागली तरी बँक तुमच्याकडे येणार. आणि धाकटा बारावी होईल तेव्हा त्याच्यासाठी पुन्हा लोन लागलं तर हे लोन आधीच दिसत असेल. घरात दोन मुलं असताना पहिल्याचा निर्णय दुसऱ्याचाही निर्णय असतो हे फार कमी लोक बघतात.

जुआरी_२०१४

मी बिट्स गोवा, २०१४ चा पासआउट, लोन काढून शिकलो, लोन फिटलं. त्यामुळे दुसरी बाजू मांडतो, कारण वरचे आकडे बरोबर असले तरी आकड्यात न येणाऱ्या गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे प्रॅक्टिस स्कूल. दुसऱ्या वर्षानंतर उन्हाळ्यात पीएस-१, साधारण दोन महिने, आणि शेवटच्या वर्षी पीएस-२, जवळजवळ साडेपाच महिने एखाद्या कंपनीत पूर्णवेळ काम, आणि हे अभ्यासक्रमाचाच भाग, त्याचे क्रेडिट मिळतात. माझी पहिली नोकरी पीएस-२ मधूनच लागली. दुसरी म्हणजे विषय निवडायची मोकळीक, इलेक्ट्रॉनिक्सवाला फायनान्सचे किंवा मानव्यविद्येचे कोर्स घेऊ शकतो. तिसरी हजेरीची सक्ती नाही. हे ऐकायला मजा वाटते पण त्याने माणूस घडतो किंवा बिघडतो, आमच्या विंगमधले दोघे पहिल्याच सेममध्ये गडगडले, रात्रभर जागायचे दिवसभर झोपायचे आणि विचारणारं कोणी नाही. तुमची मुलगी स्वतःहून उठून अभ्यास करणारी असेल तर तिच्यासाठी ती जागा सोन्यासारखी आहे.

एक महत्त्वाचं, तिला सरळ बीई मिळालंय ना, ड्युअल (एमएस्सी आणि बीई दोन्ही) नाही ना? कारण एमएस्सी लागली असती तर पाच वर्षं आणि बीईची ब्रांच पहिल्या वर्षाच्या सीजीवर (गुणांच्या सरासरीवर), तो वेगळाच ताण असतो आणि मग मी स्वतःच म्हणालो असतो की सीओईपी घ्या.

आणि एमसीएन बद्दल विचारा. मेरिट-कम-नीड, उत्पन्न आणि मार्क बघून फीमध्ये माफी देतात, ती मिळाली तर सगळा हिशोबच बदलतो. पण ते हातात पत्र पडेपर्यंत गृहीत धरू नका, आणि पुढे सीजी टिकवावा लागतो.

भांबुर्डेकर

सीओईपी, ईएनटीसी, बरीच वर्षं झाली. आता ते सीओईपी टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी आहे, २०२२ पासून, पण आमच्या तोंडात सीओईपीच.

खरं खरं सांगतो. इमारती जुन्या, काही लॅब जुन्या, हॉस्टेल मागणाऱ्या प्रत्येकाला मिळतंच असं नाही, काही प्राध्यापक अप्रतिम आणि काही नुसते वाचून दाखवणारे. बिट्सच्या कॅम्पसशी तुलना केली तर दिसण्यात आपण हरलो, वाद नाही. पण १८५४ पासून चालू असलेलं कॉलेज आहे, विश्वेश्वरय्या तिथले, आणि पुण्यातली अशी एक कंपनी नसेल जिथे वर कुठेतरी आपला सिनियर बसलेला नाही. त्या ओळखीला फी लागत नाही.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मुलीला मुद्दाम सांगावी अशी गोष्ट म्हणजे स्वयम. पोरांनी स्वतः बनवलेला साधारण किलोभराचा उपग्रह, बॅचमागून बॅच त्यावर काम करत राहिली, सिनियर पास होऊन गेले की ज्युनियर तेच सर्किट हातात घ्यायचे, आणि २०१६ च्या जूनमध्ये इस्रोने पीएसएलव्ही-सी३४ वरून तो सोडला. सेकंड इयरच्या पोराच्या हातात अवकाशात जाणारा बोर्ड सोल्डरिंगला येतो हे फार कमी ठिकाणी होतं. क्लब, रोबोटिक्स, नदीवरचा बोट क्लब, रेगाटा, करायचं म्हटलं तर दिवस पुरत नाही.

प्रत्येक सरकारी कॉलेजसाठी मी हे म्हणणार नाही. पण बिट्स आणि सीओईपीमध्ये चारपट पैशाचा फरक आहे, चारपट शिक्षणाचा नाही.

मिरजमावशी

अगं पण मुलीला कोणी विचारलं का? सगळे मोठेच बोलतायत.

प्राजक्ता_एनजे

मी न्यू जर्सीत असते, इथे आमच्या मराठी मंडळात दर वर्षी एप्रिलमध्ये अगदी हीच चर्चा असते, स्वप्नातलं प्रायव्हेट कॉलेज की आपलं रटगर्स (इथलं सरकारी विद्यापीठ), कारण इथे १ मेपर्यंत कळवायचं असतं आणि प्रायव्हेटची फी बिट्सच्याही कितीतरी पुढे.

इथे यावर एक गाजलेला अभ्यास आहे, स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांचा, २००२ चा. त्यांनी असं केलं की नावाजलेल्या कॉलेजात शिकलेल्यांची तुलना सरसकट सगळ्यांशी न करता, ज्यांनी तशाच कॉलेजांना अर्ज केले होते, तशाच ठिकाणी प्रवेशही मिळाला होता पण जे दुसरीकडे गेले अशा मुलांशी केली. पुढच्या कमाईत सरासरी फारसा फरक निघाला नाही. म्हणजे तुमची मुलगी बिट्सला लागण्याएवढी हुशार आहे हीच मुख्य गोष्ट, ती हुशारी ती पुण्याला पण बरोबर घेऊन जाणार आहे.

पण त्याच अभ्यासात हेही आहे की गरीब घरातल्या मुलांना मोठ्या कॉलेजचा फायदा झाला, आणि त्यांच्याच नंतरच्या अभ्यासात कमी शिकलेल्या आईवडिलांच्या मुलांनाही. कारण ज्यांच्या घरी ओळखीपाळखी नसतात त्यांना कॉलेजच ते जग दाखवतं. त्यामुळे मी हे सरळ इकडून तिकडे चिकटवणार नाही, देश वेगळा, कॉलेजं वेगळी. तरीपण सीओईपी हे काही बिननावाचं कॉलेज नाही, तिकडेही तो दरवाजा उघडतोच.

कोल्हापुरी_तांबडा

सगळ्यांना पॅकेज महत्त्वाचं, मग पॅकेजचं बोला ना कोणीतरी. बिट्सला किती, सीओईपीला किती?

हिशोबनीस

कॉलेजच्या ब्रोशरमधला सगळ्यात मोठा आकडा बघू नका, सरासरीही बघू नका, कारण दोन पोरांना परदेशी कंपनीने कोटभर दिले की सरासरी फुगते. मीडियन बघा, म्हणजे रांगेत मधोमध उभ्या असलेल्या मुलाला किती मिळाले. एनआयआरएफच्या (सरकारी कॉलेज रँकिंगच्या) साइटवर प्रत्येक कॉलेजने भरलेली पीडीएफ असते, त्यात किती पास झाले, किती प्लेस झाले, किती पुढे शिकायला गेले आणि मीडियन पगार किती हे सगळं वर्षवार दिलेलं असतं. दोन्ही पीडीएफ उघडून शेजारी ठेवा. फक्त ते सगळ्या ब्रांच मिळून असतं, त्यामुळे ईएनटीसीचं वेगळं हवं तर सिनियरलाच विचारावं लागेल.

आणि पगार बघताना त्यातून हप्ता वजा करून बघा. जास्तीच्या पगारातले महिन्याला ३५ हजार दहा वर्षं बँकेला जाणार असतील तर हातात काय उरतं ते बघायचं.

जुआरी_२०१४

हे मान्य, पण हप्त्याचा बागुलबुवाही नको. माझं लोन तुमच्यापेक्षा लहान होतं, फीच तेव्हा कमी होती, आणि मी मुदतीच्या आधी फेडलं. आज तीच शाखा, तसाच मुलगा, पण फी कितीतरी वाढलीय, त्यामुळे माझं उदाहरण देऊन ताईंना बिनधास्त काढा म्हणायला माझी जीभ धजावत नाहीये हेही खरं.

सातारकरीण

सगळ्यांचे खूप आभार. ड्युअल नाही, सरळ बीई आहे. एमसीएनचं बघतोय.

हिशोबनीस दादांचे आकडे काल रात्री मुलीसमोर ठेवले. मी आधी तिला यातलं काही सांगायचं नाही असंच ठरवलं होतं, उगाच तिच्यावर दडपण नको म्हणून, पण मिरजमावशींचं वाचून वाटलं की दाखवावं. ती कॅल्क्युलेटर घेऊन बसली आणि तिने स्वतः व्याज काढलं, पहिल्या ५ लाखांवर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, असं खाली खाली लिहीत गेली, सात लाख आल्यावर पुन्हा एकदा केलं. मग बाबांना विचारलं, तुमचा हातात येणारा पगार किती? अठरा वर्षांची झाली पण हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता आणि आम्हीही कधी सांगितला नव्हता. त्यांनी पगारपत्रक आणून दाखवलं, त्यातून घराचा हप्ता, एनपीएस (नवी पेन्शन), विमा जाऊन काय राहतं ते तिने बघितलं. काही बोलली नाही, गच्चीवर गेली.

तिला इथे लिहायचंय, माझ्याच आयडीवरून लिहील.

सातारकरीण

मी मुलगी बोलतेय. सगळ्यांना नमस्कार.

सगळे म्हणतायत ब्रांच तीच आहे, ते मला पण कळतं. पण मला तिकडे का जायचंय ते सांगते. मला हजेरीसाठी वर्गात बसायला आवडत नाही, मी स्वतः वाचून जास्त शिकते. मला सिग्नल प्रोसेसिंगबरोबर अर्थशास्त्र पण शिकायचंय. आणि तिसरं म्हणजे मी पहिलीपासून सरांची मुलगी आहे, कुठेही गेले तरी बाबांचे विद्यार्थी भेटतात, सायकल कुठे लावली ते सुद्धा घरी कळतं. मला अशा ठिकाणी राहायचं होतं जिथे मी फक्त मी असेन. पुण्यात आत्या आहे कोथरूडला आणि आईच्या मनात मी तिच्याकडे राहावं असं आहे, म्हणजे पुन्हा तेच.

पैशाचं मला आधी माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी बिट्सॅट दिलीच नसती असं नाही, पण बरं झालं आता कळलं.

मिरजमावशी

बाळा, शाब्बास. किती सरळ लिहिलंस.

भांबुर्डेकर

हजेरीचं सीओईपीला सुटणार नाही, ते बघावं लागतं, उगाच गोड बोलणार नाही. अर्थशास्त्राचं म्हणशील तर कॉलेजातून चार कोर्स पद्धतशीर घेणं वेगळं आणि बाहेरून शिकणं वेगळं, तेही मान्य. पण एनपीटेलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे अर्थशास्त्राचे कोर्स फुकट आहेत, परीक्षेपुरती फी असते. आणि पुण्यातच गोखले इन्स्टिट्यूट आहे, तिथली व्याख्यानं ऐकायला जाता येतं.

तिसऱ्या गोष्टीचं मात्र मनापासून सांगतो, ती गोव्याला जाऊन मिळते तशी पुण्यातही मिळते, फक्त आत्याकडे राहून मिळत नाही. हॉस्टेलला राहा. पहिल्या वर्षी हॉस्टेलला राहणारा आणि नातेवाइकांकडून येऊनजाऊन करणारा, दोघांचं कॉलेज एकच नसतं. क्लबची कामं संध्याकाळी सहानंतर सुरू होतात, तेव्हा कोथरूडच्या बसमध्ये असशील तर अर्धं कॉलेज हुकलं समज.

वास्कोची_बाय

मी कॅम्पसपासून जवळच राहते म्हणून एवढंच सांगते, अंतराची भीती कोणी घालत असेल तर ऐकू नका. गोवा एक्सप्रेस साताऱ्यावरून येते, संध्याकाळी चढलं की पहाटे वास्को. पावसात घाटात गाडी रखडते तेवढंच. बाकी कॅम्पस सुंदरच आहे, आमच्याकडची मुलंही तिकडे जायला धडपडतात.

नानाचा_मळा

सातारकरीणताई, तुमचं उत्पन्न वर आहे म्हणून तुम्हाला लागू नाही, पण हा धागा वाचणाऱ्या इतर पालकांसाठी लिहितो कारण फार लोकांना अजून माहीत नाही. जुलै २०२४ च्या जीआरप्रमाणे ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ आहे. कॅपमधून प्रवेश हवा, मॅनेजमेंट कोट्याला नाही, खाजगी आणि अभिमत विद्यापीठांना नाही. अर्ज महाडीबीटीवर. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रिमीलेअर आत्ताच काढून ठेवा, जुलैमध्ये सेतूत उभं राहायला जागा नसते. माझ्या पुतणीचा दाखला एका कार्यालयाने आज या उद्या या करत इतका लांबवला की शेवटच्या दिवशी अपलोड झाला, त्या दिवशीचे घरातल्यांचे चेहरे मी विसरणार नाही.

आणि ८ लाखांच्या आत असाल आणि मोठ्या कॉलेजला लागला असाल तर पीएम विद्यालक्ष्मी बघा, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत. ठरावीक संस्थांसाठी आहे, तारण लागत नाही. विनातारणाचा भाग उत्पन्न जास्त असलं तरी लागू आहे.

सीईटी_पालक

कॅपचा फॉर्म भरताना एक धोका सांगतो, लोक इथेच फसतात. २०२५ पासून चार राउंड झालेत आणि ऑटो फ्रीजचा नियम बदललाय. पहिल्या राउंडला तुमचा एक नंबरचा पर्याय लागला की सीट तिथेच गोठते, पुढच्या राउंडला जाता येत नाही. दुसऱ्या राउंडला पहिल्या तिनातला कुठलाही लागला तरी तसंच, तिसऱ्याला पहिल्या सहातला. त्यामुळे मित्राने भरलं म्हणून किंवा बघू लागतंय का म्हणून वरचे पर्याय भरू नका, खरोखर ज्या क्रमाने हवंय त्याच क्रमाने भरा. यंदाचं माहितीपत्रक आलं की त्यातून पुन्हा पडताळून घ्या.

बिट्सचे पैसे आधी भरण्याबद्दल, तुम्हाला आलेल्या ऑफर लेटरमध्ये कुठल्या तारखेपर्यंत कॅन्सल केलं तर किती कापतात ते लिहिलेलं असतं. ते वाचा, ती तारीख आणि कॅप राउंड एकची तारीख शेजारी लिहा. कापली जाणारी रक्कम म्हणजे सीओईपी नाही लागलं तर हातात दुसरं काहीतरी असण्याची किंमत, ती तुम्हाला परवडते का एवढंच बघायचं. माझ्या मुलाच्या वेळी आम्ही भरली होती आणि पश्चात्ताप नाही, कारण तेवढे दिवस घरात सगळे शांत झोपले.

हिशोबनीस

हे उत्तम सांगितलंत.

ताई, अजून एक. सीओईपी घेतलं तर वर्षाला २ लाख, म्हणजे महिन्याला १६-१७ हजार. तुम्ही दोघं पगारातून हे काढू शकलात तर ८ लाखांची एफडी शाबूत राहते, चार वर्षांत व्याज धरून १० लाखांच्या पुढे जाते. मग तिला एमएस करायचं असेल, गेट देऊन आयआयटीला एमटेक करायचं असेल (तिथे महिन्याला १२,४०० स्टायपेंड मिळतो), काहीही करायचं असेल तर हातात काहीतरी आहे. बावीस वर्षांच्या मुलीला डोक्यावर कर्ज नसताना कमी पगाराची पण मनासारखी नोकरी घेता येते, संशोधनाकडे वळता येतं. २७ लाख अंगावर असले की पहिली जी जास्त पैसे देईल तीच नोकरी घ्यावी लागते, आवडो न आवडो.

जुआरी_२०१४

हा मुद्दा माझ्या बाबतीत अगदी खरा ठरला. मला चिप डिझाइनमध्ये राहायचं होतं, कर्जामुळे सॉफ्टवेअरला गेलो. वाईट झालं नाही काही, पण गेलो.

सातारकरीण

मंडळी, अपडेट द्यायचं राहून गेलं, फॉर्मच्या गडबडीत होते.

एमसीएनचं नक्की काही आत्ता कळणार नाही असं दिसतंय. बिट्सची पहिली रक्कम भरून सीट धरून ठेवली होती, कॅन्सल केल्यास काय कापतात ते वाचूनच. कॅपच्या फॉर्मवर मुलीने स्वतः एक नंबरला सीओईपी ईएनटीसी टाकलं. आम्ही दोघांनी तिला सांगितलं होतं की तू गोवा म्हणालीस तर कर्ज काढू, मागे बोलून दाखवणार नाही, आणि मी ते मनापासून म्हटलं होतं. तिने आणखी दोन दिवस घेतले. तिच्या तीन अटी आहेत, आत्याकडे राहणार नाही, एफडी तिच्या पुढच्या शिक्षणासाठीच ठेवायची (निम्मी धाकट्याची, हे तिनेच घातलं), आणि रोज रात्री फोन करायला लावायचा नाही. तिसरी अट मला जड जाणार आहे पण मान्य केलीय.

काल पहिल्या राउंडला सीओईपी ईएनटीसी लागलं. बिट्सचं कॅन्सलेशन आज टाकलं. ते करताना लॅपटॉपसमोर तीच बसली होती, मी मागे उभी होते, तिला रडू आलं, मलाही आलं. जेवली नीट रात्री.

कोल्हापुरी_तांबडा

अभिनंदन! पण मला अजूनही वाटतं बिट्स घ्यायला हवं होतं, पोरगी हुशार आहे, दोन वर्षांत फेडलं असतं.

मिरजमावशी

दोन वर्षांत २७ लाख? असो. अभिनंदन गं बाळा.

सातारकरीण

कोल्हापुरी दादा, तुमचंही चुकीचं नाही, दुसऱ्या घरात तसंच ठरलं असतं. आता हॉस्टेलचं कोणीतरी सांगा. साताऱ्याच्या मुलीला पहिल्या वर्षी मिळण्याची शक्यता किती? नाही मिळालं तर काय करतात?

भांबुर्डेकर

प्रवेश निश्चित करायला जाल त्याच दिवशी हॉस्टेलची चौकशी करा, पुढे ढकलू नका. वाटप मेरिट आणि बाकीचे निकष बघून होतं, अर्जाची तारीख साइटवर येते आणि मुदत थोडी असते. सगळ्या कागदांचे तीन तीन झेरॉक्स सेट, मूळ कागद वेगळ्या फाईलमध्ये, मेडिकल फिटनेस आणि फोटो बरोबर ठेवा. नाही मिळालं तर शिवाजीनगर, मॉडेल कॉलनी, घोले रोडच्या बाजूला मुलींसाठी पीजी आणि खाजगी वसतिगृहं आहेत, पण कॉलेज सुरू व्हायच्या आठवड्यात भाव चढतात, म्हणून आधीच एक चक्कर मारून दोन तीन बघून ठेवा, जेवण कसं आहे ते तिथल्या मुलींना विचारा, मालकिणीला नको. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, दोघी मायलेकी सकाळी निघून संध्याकाळी परत जाऊ शकता.

आणि मुलीला सांगा, पहिल्या महिन्यात क्लबांच्या मुलाखती असतात, उपग्रहवाल्या टीमच्या पण. फर्स्ट इयरला काही येत नसलं तरी घेतात, ओहमचा नियम आणि उत्सुकता एवढ्यावर. मला विपूतून (विचारपूस, इथली निरोपाची सोय) तिचा मेल द्या, माझ्या ओळखीतली एक सिनियर आहे ईएनटीसीची, जोडून देतो.

सातारकरीण

विपू केलंय. शनिवारी जातोय पुण्याला.